क्रूझवरून माया अवशेष पाहायचे तर कोणत्या बंदरावर उतरावं?

रानजाई

पश्चिम कॅरिबियनची क्रूझ ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "चिचेन इत्झा, ते मेक्सिकोतलं नावाजलेलं प्राचीन माया नगर, बसेल का?" माझं मत आधीच सांगते. नाव किती मोठं आहे हे बघून ठिकाण निवडू नका. जहाज बंदरात सात ते नऊ तास थांबतं. त्यातले किती तास बसमध्ये जाणार आणि किती तास त्या दगडांसमोर उभं राहायला मिळणार, हा हिशोब आधी करा.

आम्ही टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून निघालो, सोबत आई-बाबा आणि मुलं. मेक्सिकोत कोस्टा मायाला उतरून चाकचोबेन हे माया अवशेषांचं ठिकाण पाहिलं. कोस्टा माया हे बंदर क्रूझसाठीच बांधलेलं, २००१ मधलं. शेजारी माहाहुआल हे मच्छीमारांचं छोटं गाव. २००७ च्या डीन चक्रीवादळात हा धक्का उद्ध्वस्त झाला होता, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाला. बंदरातून अवशेषांपर्यंत बसने साधारण तास लागतो. म्हणजे जाऊन-येऊन दोन तास, तिथे दीड तास, आणि चार तासांत आपण परत जहाजावर.

चाकचोबेन २००२ मध्ये लोकांसाठी उघडलं. आत शिरलं की आधी जंगलच दिसतं. कोहूनचे प्रचंड ताड आहेत, त्यांच्या एकेका झावळीखाली अख्खं कुटुंब उभं राहील. मोठ्या झाडांना विळखा घातलेले अंजीर-वर्गातले वृक्ष आहेत, फांद्याफांद्यांवर वाढणारी ब्रोमेलियाडची झुडपं. वाट वळते आणि समोर 'मंदिर २४' येतं. पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड, कोपरे गोलसर. ही ग्वाटेमालाच्या पेतेन भागातली शैली, म्हणजे या लोकांचं नातं किनाऱ्यापेक्षा दक्षिणेकडच्या अरण्यातल्या नगरांशी अधिक होतं. वस्तीच्या खुणा इ.स.पू. २०० च्या सुमारापासूनच्या आहेत, आज दिसणारी बरीचशी बांधकामं इ.स. ७०० च्या आसपासची.

पुढे एक मोठा चौथरा आहे, ग्रान बासामेंतो. त्याच्या पायऱ्या चढता येतात, पिरॅमिडांवर मात्र चढू देत नाहीत. वर गेल्यावर एका भिंतीवर गवती छप्पर घातलेलं दिसतं. त्याखाली मूळ गिलाव्यावरचा लाल रंग अजून शिल्लक आहे. आपण करड्या दगडांचे पिरॅमिड बघत असतो, पण ही नगरं करडी नव्हतीच. चुन्याचा गुळगुळीत गिलावा आणि वर तांबडा रंग. हिरव्यागार अरण्यात लाल मंदिर. तो रंग पाहिल्यावर सबंध जागेचं चित्रच डोक्यात बदललं. बाबा त्या भिंतीपुढे बराच वेळ थांबले होते आणि गाईडनेही घाई केली नाही. असा वेळ मिळतो म्हणून मी चाकचोबेनची शिफारस करते.

ही जागा उजेडात कशी आली तेही सांगण्यासारखं आहे. १९४० च्या दशकात एक माया शेतकरी कुटुंबासह इथे येऊन राहिला. १९७२ मध्ये पीटर हॅरिसन या पुरातत्त्वज्ञाने या अवशेषांची सरकारदरबारी नोंद केली. तो शेतकरी मरेपर्यंत या जागेचा राखणदार होता. मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेचं, म्हणजे इनाहचं, जतनाचं काम १९९४ नंतर सुरू झालं. पाटीवर 'शोध' लिहिलेला असतो, पण ज्यांची जमीन होती त्यांना ती जागा ठाऊकच होती.

इतरांनी कुठे काय पाहिलं तेही इथे लिहा, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

सह्यमित्र

लेख आवडला, पण पहिल्याच मुद्द्याशी असहमत. आम्ही मेक्सिकोतल्याच प्रोग्रेसो बंदरावरून चिचेन इत्झा केलं आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा तेच करेन.

प्रोग्रेसोचा धक्काच साडेसहा किलोमीटर लांब आहे, समुद्र उथळ असल्याने जहाज तितकं दूर लागतं. तिथून चिचेनला बसने दोन तास. दमछाक होते, मान्य. पण कुकुल्कान या सर्पदेवतेच्या पिरॅमिडसमोर उभं राहिलं की कळतं, हे कॅलेंडर दगडात बांधलेलं आहे. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. विषुवदिनाच्या सुमारास दुपारी उतरत्या उन्हात उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर त्रिकोणी सावल्या पडतात आणि खाली कोरलेल्या सापाच्या मुंडक्याला जाऊन मिळतात. जिन्यासमोर टाळी वाजवली तर प्रतिध्वनी पाखराच्या चिवचिवाटासारखा परत येतो. आणि चेंडूचं मैदान! १६८ मीटर लांब, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, उंचावर दगडी कडी. माझा मुलगा एरवी अवशेष म्हटलं की कंटाळतो, तो तिथून हलायला तयार नव्हता.

चढायची परवानगी मात्र २००६ पासून नाही. एक पर्यटक पडून दगावल्यानंतर बंद केली. आता सगळ्या इमारतींभोवती दोर आहेत.

रानजाई

सह्यमित्र, प्रोग्रेसोहून जात असाल तर माझा विरोध नाही. माझा रोख कोझुमेल बेटावर उतरणाऱ्यांकडे आहे. तिथून आधी फेरीबोटीने प्लाया देल कार्मेन, मग अडीच तास बस, आणि तेवढंच परत. जहाज बंदरात असण्याचा जवळजवळ सगळा वेळ त्यात जातो आणि ऐन दुपारच्या उन्हात, सगळ्यात जास्त गर्दीत तुम्ही तिथे पोहोचता. कोझुमेलहून तुलूम तरी करावं. तिथेही फेरी आहेच, पण पुढे बस तासाभराची. समुद्राकाठी कड्यावर बांधलेलं, तीन बाजूंनी तट असलेलं हे नगर आहे. १५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वाच्या जहाजांनी हा किनारा पाहिला तेव्हा इथली नगरं नांदती होती. चिचेनचं वैभव तोवर केव्हाच ओसरलं होतं.

प्रोग्रेसोला उतरून दोन तासांचा प्रवास नको असेल त्यांच्यासाठी झिबिलचाल्तून आहे, मेरिदाच्या अलीकडे, अगदी जवळ. सात बाहुल्यांचं मंदिर म्हणून एक छोटी वास्तू आहे, विषुवदिनी उगवता सूर्य तिच्या दारातून दिसतो. आवारातच सेनोते, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेली नैसर्गिक विहीर. या भागात भूपृष्ठावर नद्या जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सगळं जीवन या विहिरींवर उभं होतं.

अवंती

रानजाईताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही उन्हाळ्यात मायामीहून जातोय. कोस्टा माया, बेलीझ आणि कोझुमेल. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण पायऱ्या नकोत. बाबांना मात्र सगळं बघायचंय. दोघं पुण्याहून येणार. कंपनीचीच सहल घ्यावी की बाहेरची? आणि व्हिसाचं काय?

समुद्रपक्षी

व्हिसाचं मी सांगतो. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण आई-बाबांचा अमेरिकन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण जहाज परत मायामीला आलं की तो नवा प्रवेश धरला जातो. बेलीझचे नियम निघायच्या आधी जहाज कंपनीला लेखी विचारून घ्या.

सहलीचं म्हणाल तर नियम साधा आहे. कंपनीने विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही, मग पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने विमानाने गाठा. बाहेरची सहल स्वस्त असते, गट लहान असतो, गाईडशी बोलता येतं. चाकचोबेनसारखं तासाभरावरचं ठिकाण बाहेरून करायला हरकत नाही. कोझुमेल-तुलूममध्ये फेरीबोट आली, तिथे मी कंपनीचीच सहल घेईन.

आणि घड्याळ! हे खरोखर महत्त्वाचं आहे. कोस्टा माया आणि कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहेत, तिथे वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. मायामी उन्हाळ्यात एक तास पुढे जातं. म्हणजे जहाज मायामीच्या वेळेवर राहिलं तर जहाजावर साडेचार वाजलेले असताना तुमच्या फोनवर साडेतीन दिसतील. फोन स्थानिक टॉवरची वेळ उचलतो. बेलीझला तर हा फरक उन्हाळ्यात दोन तासांचा होतो. जहाजावरून उतरताना साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याच्याकडेच बघा.

निळा डोह

बेलीझचा अनुभव माझ्याकडे आहे. तिथे किनारा उथळ, जहाज दूर समुद्रात नांगरतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्यातच वेळ जातो, आणि गुडघे दुखत असतील तर बोटीत चढ-उतार करणं जड जाईल. बाबांना पाठवा. 'आल्तून हा' नावाचं माया स्थळ तासाभरावर आहे आणि तिथे मंदिरावर चढू देतात, मेक्सिकोत आता हे क्वचितच मिळतं. १९६८ मध्ये डेव्हिड पेंडरगास्टना तिथल्या एका थडग्यात सूर्यदेव किनिच आहाऊचं जेड या हिरव्या मौल्यवान दगडात कोरलेलं मस्तक सापडलं. उंची जेमतेम १५ सेंटीमीटर, वजन ४.४२ किलो. माया प्रदेशात सापडलेली जेडची ही सर्वांत मोठी कोरीव वस्तू.

पण माझं मन बेलीझमधल्याच लामानाई या माया नगरात अडकलंय. आधी बस, मग न्यू रिव्हर नदीतून तासाहून जास्त बोट. काठावर मगरी, पाणकावळे, झाडांवरून हाउलर माकडांचं गुरगुरणं. ते माकड दिसायला लहान, पण आवाज असा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच वाटावा. उंच मंदिर ३३ मीटर. मुखवट्यांच्या मंदिरावर माणसाच्या दुपटीहून उंच चेहरा आहे. लामानाईचं वैशिष्ट्य हे की नवव्या शतकात दक्षिणेकडची मोठी नगरं ओस पडली तेव्हाही इथली वस्ती टिकली, स्पॅनिश येईपर्यंत. त्यांनी बांधलेल्या दोन चर्चचे अवशेषही तिथेच आहेत. उत्खननात चेंडूच्या मैदानातल्या मधल्या दगडाखाली पारा सापडला, थोडासाच, पण तो कशासाठी तिथे ठेवला असेल याचा विचार मी परतीच्या बोटीत करत होतो.

मृगशीर्ष

धागा वाचून राहवलं नाही, थोडं गणिताबद्दल. कोणत्याही माया स्थळी जाण्याआधी त्यांचे अंक शिकून जा, दहा मिनिटांत येतात. टिंब म्हणजे १, आडवी रेघ म्हणजे ५, शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. मोजणी वीसच्या पटीत. मग एखाद्या शिलास्तंभावरच्या तारखेतले आकडे तरी तुम्हाला स्वतःला वाचता येतील, आणि त्याचा आनंद वेगळाच असतो.

त्यांची दीर्घगणना ही एका आरंभदिवसापासून सलग मोजलेली दिवससंख्या आहे. २० दिवसांचा विनाल, १८ विनालांचा म्हणजे ३६० दिवसांचा तुन, २० तुनांचा कातुन, २० कातुनांचा बाकतुन. एक बाकतुन १,४४,००० दिवसांचा. आपल्या ज्योतिर्गणितातला अहर्गण ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना लगेच कळेल: आरंभबिंदू ठरवायचा आणि तिथून गेलेले दिवस मोजायचे. २०१२ मध्ये जगबुडीचा जो गवगवा झाला तो फक्त तेरावा बाकतुन पूर्ण होण्याचा दिवस होता, २१ डिसेंबर. शुक्राचं त्यांचं निरीक्षण तर थक्क करणारं आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला असलेल्या पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या चक्राची कोष्टकं आहेत. अशी पाच चक्रं म्हणजे ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षं. आणि अशा पोथ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने बाकीच्या कितीतरी जाळल्या. हे लिहितानाही त्रास होतो.

पूर्वरंग

मृगशीर्ष, तुम्हीच अहर्गणाचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. मायांची गणना इ.स.पू. ३११४ पासून, आपलं कलियुग इ.स.पू. ३१०२ पासून. फरक फक्त १२ वर्षांचा. शिवाय आपल्याकडे मयासुर हा वास्तुशिल्पी. हे लोक भारतातूनच गेले असावेत असं अनेक ठिकाणी वाचलंय. यात तथ्य नाही का?

मृगशीर्ष

प्रश्न योग्य आहे, सरळ उत्तर देतो. तथ्य नाही.

दोन्ही आरंभ मागे जाऊन गणिताने काढलेले आहेत. आपला कलियुगारंभ ग्रहांच्या युतीच्या हिशोबातून आला. आर्यभटाने आपल्या २३ व्या वर्षी, इ.स. ४९९ मध्ये, कलीची ३६०० वर्षं झाली असं लिहून ठेवलंय. मायांच्या आरंभाला ग्रहयुतीचा संबंध नाही आणि दीर्घगणनेतल्या सर्वांत जुन्या तारखा इ.स.पू. पहिल्या शतकातल्या मिळतात. आपली मोजणी दहाची, त्यांची वीसची. त्यांच्याकडे तांदूळ, गहू नव्हता, आपल्याकडे मका, कोको, मिरची नव्हती. लोक इतक्या दूर गेले असते तर बियाणं बरोबर नेलं असतं. घोडा नाही, लोखंड नाही, ओझं वाहायला चाकाची गाडी नाही. आणि लिपी वाचल्यावर तर प्रश्नच मिटला. युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये ती लिपी अक्षरध्वनींचीही आहे हे दाखवलं. आता बहुतांश लेख वाचता येतात आणि त्यांतली भाषा आजच्या माया भाषांचीच पूर्वज आहे.

दोन समाजांनी एकमेकांना न भेटता आकाश बघून इतकी सूक्ष्म गणितं केली, हे मला एकाने दुसऱ्याला शिकवण्यापेक्षा मोठं वाटतं. श्रेय त्यांचं त्यांना द्यायला हवं.

पूर्वरंग

बियाण्याचा मुद्दा पटला. लिपीबद्दल आणखी वाचतो. धन्यवाद.

घोलवडकर

बियाण्याचा विषय निघालाच आहे तर माझा जिव्हाळ्याचा मुद्दा मांडतो. आमच्या घोलवड-डहाणूचा चिकू, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, त्या झाडाचं मूळ घर हेच माया अरण्य! चाकचोबेनच्या रानात गाईडने एक झाड दाखवलं, सालीवर तिरप्या जुन्या खाचा होत्या. मी पानं बघूनच ओळखलं. तो चीक काढून च्युइंगम करायचे. चीक गोळा करणाऱ्यांना चिकलेरो म्हणत. ते महिनोन् महिने रानात भटकत आणि कितीतरी अवशेषांची वाट पुरातत्त्वज्ञांना त्यांनीच दाखवली. कालाकमुल हे बलाढ्य नगर १९३१ मध्ये जगापुढे आणणारे सायरस लुंडेल मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, चिकलच्या कामासाठीच तिथे गेलेले.

आणि लाकूड! ग्वाटेमालातल्या तिकाल या माया नगराच्या मंदिरांत दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत, हजाराहून जास्त वर्षं टिकलेल्या. आमच्या वाडीत जुनं झाड तोडताना कुऱ्हाडीची धार जाते हे मी लहानपणापासून बघतोय, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. अभिमान मात्र वाटला.

निळा डोह

घोलवडकर काका, ही माहिती फारच आवडली. तुळयांचं लाकूड कुठलं हे कुठल्याच गाईडने सांगितलं नव्हतं.

रानजाई

गाईडवरून आठवलं. बऱ्याच सहलींत नरबळीचीच वर्णनं रंगवून सांगतात. चेंडूच्या खेळात जिंकणाऱ्याचं डोकं उडवत, असं ठासून सांगितलं जातं. चिचेनच्या मैदानात शिरच्छेदाचं शिल्प आहे हे खरं, पण बळी जेत्याचा की हरलेल्याचा हे त्यावरून ठरत नाही. बळीची प्रथा होती, ती लपवू नये. पण मुलं तेवढंच ऐकून घरी आली तर शून्य, शुक्र, लिपी सगळं मागे राहतं.

दुसरं, "माया लोक नाहीसे झाले" हे वाक्य ऐकलं तर तिथेच प्रश्न विचारा. नगरं ओस पडली, माणसं नाही. युकातान द्वीपकल्पात आजही लाखो लोक युकातेक माया बोलतात. १८४७ मध्ये याच लोकांनी जमिनीसाठी आणि जुलमाविरुद्ध उठाव केला. किंताना रोच्या अरण्यात चान सांता क्रूझ ही त्यांची राजधानी होती, ती मेक्सिकोच्या सैन्याने १९०१ मध्ये घेतली. चाकचोबेन त्याच मुलखात येतं. आमचा गाईड घरी माया बोलणारा होता. निघताना आईने त्याच्याकडून शिकून "दिओस बोतिक", म्हणजे आभार, म्हटलं तर त्याचा चेहरा फुलला. मग त्याने आईला त्याच्या आजीची मका शिजवायची रीत सांगितली: चुन्याच्या निवळीत मका उकळून रात्रभर ठेवायचा, सकाळी धुऊन पाट्यावर वाटायचा. चुन्यामुळे मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. आईचे आणि त्याचे पुढचे सगळे प्रश्न स्वयंपाकाचे होते आणि मी दुभाषी.

अवंती, आता तुझ्याबद्दल. कोस्टा मायाला सगळ्यांनी चाकचोबेन करा. वाट बरीचशी सपाट आणि सावलीची आहे, पण मुळं आणि खडी आहे, काठी असू दे. ग्रान बासामेंतोच्या पायऱ्या आईंनी टाळल्या तरी मंदिर २४ खालूनच उत्तम दिसतं. कोझुमेलला फेरी नको. बेटावरच सान हेर्वासिओ आहे, टॅक्सीने अर्धा तास. इश्चेल देवीचं क्षेत्र. मूलबाळ, बाळंतपण, औषधं यांची ही देवता. तिच्या दर्शनाला मुख्य भूमीवरून बायका होडक्यांतून समुद्र ओलांडून येत. बांधकामं बुटकी आहेत, उंच काही नाही, म्हणून लोक सोडून देतात. पण जुन्या पांढऱ्या रस्त्याचे तुकडे आणि कमान शाबूत आहे आणि आईंना झेपेल.

अवंती

किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! बाबा लामानाई म्हणतायत, नदीचं वाचल्यापासून. खाण्याचं आणखी एक विचारते. आई-बाबा शुद्ध शाकाहारी.

समुद्रपक्षी

लामानाई कंपनीच्याच सहलीने करू दे त्यांना, दिवस मोठा असतो आणि परत टेंडर गाठायची असते. खाण्याचं: काळ्या घेवड्याची उसळ शाकाहारी दिसते, पण तिच्यात बहुतेकदा डुकराची चरबी असते. "सिन मांतेका" म्हणून विचारा. मक्याच्या तोर्तिया, ग्वाकामोले, फळं निर्धास्त खा. जहाजावरची फळं, सँडविच बाहेर न्यायला बंदी असते, बंद पाकिटातला चिवडा किंवा चिक्की चालते. पाणी भरपूर घ्या. सेनोतेत उतरणार असाल तर अंगाला सनस्क्रीन लावू नका, पाणी खराब होतं म्हणून बहुतेक ठिकाणी मनाई आहे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला. इनाहच्या स्थळांवर ड्रोन अजिबात नाही, ट्रायपॉडलाही परवानगी लागते.

अवंती

कोस्टा मायाला आम्ही रविवारी पोहोचतोय. त्याने काही फरक पडतो का?

रानजाई

रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे तुलूम आणि चिचेनला गर्दी वाढते. चाकचोबेनला गर्दी होते ती जहाजांच्या बसमुळे. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते आधी बघ आणि सकाळची पहिली बस धर. दहाच्या आत पोहोचलात तर ऊनही कमी असतं आणि लाल रंगाच्या भिंतीजवळ कुणी मागून ढकलत नाही.

अवंती

पहिल्या बसची चार तिकिटं काढली. बाबांची लामानाईची जागाही मिळाली. आई आणि मी त्या दिवशी जहाजावरच थांबणार.

मृगशीर्ष

बाबांना अंकांचा कागद छापून देशील ना? लामानाईत स्तंभ ९ आहे, इ.स. ६२५ चा, त्यावर तारीख कोरलेली आहे. टिंबं-रेघा शोधायला सांग.

अवंती

छापला. विमानातच पाठ करतो म्हणालेत.